गृहीत धरलेल्या गोष्टी

कोड लिहिताना हल्ली कर्सरच्या पुढे राखाडी अक्षरं उमटतात. फंक्शनचं नाव लिहून कंस उघडावा, तोवर आतल्या ओळी हजर. टॅब दाबली की राखाडी रंग जातो आणि त्या ओळी आपल्या होतात. आपल्या म्हणजे आपल्या नावावर जमा होतात. उद्या त्यात काही बिघडलं, तर फोन आपल्यालाच येणार असतो.

एडिटरनं पुढचं सुचवणं तसं जुनंच. मायक्रोसॉफ्टचं इंटेलिसेन्स हे काम नव्वदच्या दशकापासून करत आलं आहे. टिंब दिलं की त्या वस्तूपाशी कोणकोणती फंक्शनं आहेत, त्यांची यादी खाली उघडायची, आणि यादीत जे दिसायचं ते खरोखर अस्तित्वात असायचं. जून २०२१मध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी बाहेर आलं आणि यादीच्या जागी अंदाज आला. इथे पुढे काय असावं, हे आता एक भाषा-मॉडेल सांगू लागलं. मग एडिटरच्या कडेला संवादाची चौकट आली. आता ‘कर्सर’, ‘क्लॉड कोड’ अशा नावांची साधनं स्वतःच फायली उघडतात, शोधतात, बदलतात, कमांड चालवतात आणि टेस्ट नापास झाली तर पुन्हा कोडला हात घालतात.

त्यामुळे आमच्या धंद्यात चार माणसं चहाला उभी राहिली की एक प्रश्न हमखास निघतो: याच्याकडून जास्त काम कसं काढून घ्यायचं? उत्तरंही ठरलेली असतात. कुणी मंत्र देतं, विनंतीच्या सुरुवातीला ‘तू वीस वर्षं अनुभव असलेला अभियंता आहेस’ असं लिही. कुणी म्हणतं, अमुक मॉडेल सोड, तमुक धर. कुणी शॉर्टकटची यादी पाठवतं. यातलं थोडंफार उपयोगी पडतंही. मला मात्र या सहायकाचा खरा उपयोग उमगला तो तो काय लिहितो यापेक्षा काय गृहीत धरतो, हे बघायची सवय लागल्यावर.

हे मॉडेल आतून काय करतं ते थोडक्यात असं: मजकुराचे छोटे तुकडे, म्हणजे टोकन, एकामागून एक वाचायचे आणि इथवरचा मजकूर बघता पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडायचा. जगभरचा उघडा कोड वाचून ते हे शिकलं. नंतर माणसांच्या पसंतीवरून आणि कोड चालवून पाहिल्यावर आलेल्या निकालांवरून त्याला आणखी वळण लावलं गेलं. त्यामुळे आपण जिथे काही सांगितलेलं नसतं, तिथे ते बहुधा जगात सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं उत्तर भरतं. जागा रिकामी ठेवणं त्याच्या स्वभावात नाही. माणूस कोड लिहिताना अडला की थांबतो, कपाळ खाजवतो, शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो. त्या थांबण्यावरून कळतं की इथे काहीतरी ठरायचं राहिलं आहे. मॉडेलच्या बाबतीत हा इशाराच मिळत नाही. माहिती असलेली ओळ आणि अंदाजानं टाकलेली ओळ, दोन्ही सारख्याच नेटक्या, सारख्याच ठाम येतात.

मी दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव प्राथमिक दूध संस्था आहेत. सकाळी आणि संध्याकाळी सभासद किटली घेऊन येतात, दूध मापलं जातं, नमुना यंत्राखाली जातो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं, दरपत्रकातून दर निघतो आणि पावती हातात पडते. दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्याचे पैसे आणि घेतलेली उचल वजा. गाईच्या दुधाचा दर ठरतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर, म्हशीचा ६.० आणि ९.० वर. त्याच्या वर गेलं की पॉइंटमागे वाढ, खाली आलं की कपात. बाहेरच्या माणसाला वाटावं, यात आहे काय, गुणाकार आणि बेरीज!

सहायकाची परीक्षा म्हणून मी मुद्दामच काही न सांगता त्याला एका ओळीत मागणी केली: ‘फॅट, एसएनएफ आणि लिटर घेऊन दुधाची रक्कम काढणारं फंक्शन लिही.’ पापणी लवते न लवते तोच फंक्शन आलं, आणि देखणं आलं. नावं समर्पक, टिप्पण्या नेमक्या, फॅट उणे आली तर नकार द्यायचीही सोय. मग मी ते कोड म्हणून वाचायचं सोडून गृहितांची यादी म्हणून वाचायला घेतलं.

पहिलं गृहीत पैशांचं. रक्कम साध्या दशांश संख्येत ठेवली होती. अशा संख्या संगणक द्विमान पद्धतीनं साठवतो आणि तिथे ०.१ नेमका मावत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ निघते. एका पावतीवर हे दिसणारही नाही. पण वर्षभराच्या पावत्यांच्या बेरजेत संस्थेची खातेवही एक सांगते आणि संगणक दुसरंच. लेखापरीक्षकाला ‘दोन पैशांचा तर फरक आहे’ हे ऐकवून चालत नाही. रुपयांऐवजी पैसे मोजायचे, तेही पूर्णांकात, हा त्यावरचा जुना आणि साधा उपाय.

दुसरं गृहीत फॅटचं. यंत्र ३.४७ दाखवतं आणि दरपत्रकात पायऱ्या असतात ०.१ च्या. मग खाना ३.४ चा की ३.५ चा? सहायकानं पायथॉनचं राउंड वापरलं. ते जवळच्या पायरीवर जातं, आणि संख्या बरोबर मधोमध असली तर सम अंकाकडे झुकतं. २.५ चं ते २ करतं आणि ३.५ चं ४. मोठ्या बेरजांमध्ये झुकाव एकाच बाजूला साचू नये, यासाठी ही रीत शहाणपणाची आहे. पण किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती समजावून सांगून बघा.

तिसरं, लिटरचं. गावात दूध लिटरनं घेतात आणि अनेक ठिकाणी दूध संघाचा टँकर किलोवर मोजला जातो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. हे दोन आकडे एकाच रकान्यात पडले, की संस्थेला महिनाअखेरीस दूध वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होतो.

चौथं गृहीत नंतर मागितलेल्या बिलाच्या कोडमध्ये होतं. ‘दहा दिवसांचं बिल’ म्हटल्यावर सहायकानं वर्षाचे दहा-दहा दिवसांचे सलग तुकडे पाडले. त्या हिशेबानं ३१ जानेवारीचं दूध थेट फेब्रुवारीच्या पहिल्या बिलात गेलं. संस्थेत हप्ते पडतात ते १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. शेवटचा हप्ता फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचा असतो, एकतीस दिवसांच्या महिन्यात अकरा दिवसांचा, आणि तरी गावात त्याला दहा दिवसांचंच बिल म्हणतात.

यातल्या कुठल्याही ओळीला कोड म्हणून नाव ठेवता येणार नाही. जिथे जिथे मी मोकळी जागा सोडली होती, तिथे तिथे जगाचं सरासरी उत्तर येऊन बसलं होतं. प्रश्न एवढाच की कुठलीच दूध संस्था जगाची सरासरी नसते.

फॅटचा नियम मी संस्थेच्या सचिवांना विचारला. “अण्णा, फॅट ३.४७ आली तर दर कुठल्या खान्यातला धरता?”

“खालच्या.”

“नेहमी?”

“तसं न्हवं, ताई. म्हशीला खालचा, गाईला जवळचा. नवं यंत्र आलं तवा चेअरमननी तसं ठरवलं.”

“कुठे लिहिलंय का?”

“लिवायचं काय त्यात? सगळ्यास्नी ठाव हाय की.”

सगळ्यांना ठाऊक असलेल्या अशाच गोष्टी सहायकाला ठाऊक नसतात. जे कुठेतरी लिहिलेलं आहे, ते त्यानं वाचलेलं असण्याची शक्यता दांडगी. जे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणी लिहिलं नाही, ते त्याच्या जगात नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा अलिखित गोष्टी किती असतात, याचा अंदाज आम्हालाही नव्हता. इतकी वर्षं शेजारी माणूस बसलेला असायचा आणि त्याच्याकडून ते विचारून घेता यायचं.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५मध्ये ‘प्रोग्रॅमिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ नावाचा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम म्हणजे निव्वळ कोडचा मजकूर नसतो. तो घडवणाऱ्यांच्या डोक्यात एक समज तयार झालेली असते: बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट कोडमध्ये कुठे आणि का आली आहे, अमुकच रचना का निवडली, उद्या नवी मागणी आली तर ती कुठे सामावेल. प्रोग्रॅमचा जीव या समजेत असतो. ती बाळगणारी माणसं पांगली की मजकूर जागेवर राहूनही प्रोग्रॅम मरतो. नाऊर लिहीत होते तेव्हा त्यांच्यासमोर माणसांच्या तुकड्या होत्या. आज एडिटरमध्ये बसलेल्या सहायकाकडे बघितलं की त्यांचा मुद्दा उलट्या बाजूनं पटतो. याच्याकडे मजकूर सगळा आहे. शेकडो फायली तो मिनिटभरात चाळतो, एखादं फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं हे माझ्याआधी सांगतो. पण म्हशीला एक नियम आणि गाईला दुसरा कशामुळे, हे मजकुरात नसेल तर त्याला कुठून कळणार?

म्हणून सहायकाला वाचायला दिलेली सूचनांची फाइल ही माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत मोलाची जागा. प्रकल्पाच्या मुळाशी एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी अशा नावाची फाइल ठेवली की बहुतेक साधनं काम सुरू करताना ती वाचतात. अशा पुष्कळ फायली माझ्या बघण्यात आल्या. ‘स्वच्छ कोड लिही’, ‘चुका करू नकोस’, ‘उत्तम पद्धती वापर’. हे लिहून काय साधतं कळत नाही, कारण जगाची सरासरी त्याच्याकडे आधीच आहे. आपण सरासरीपासून कुठे वेगळे आहोत, ते तिथे हवं. माझ्या फाइलमध्ये अशी वाक्यं आहेत: रक्कम पैशांत, पूर्णांकात. म्हशीची फॅट खालच्या पायरीवर, गाईची जवळच्या. हप्ता तारखेवरून ठरतो, दिवस मोजून नाही. सभासद क्रमांकानं ओळखायचा, कारण एका गावात एकाच नावाची चार-चार माणसं असतात. वाटप झालेल्या बिलाची नोंद बदलायची नाही, दुरुस्ती नव्या नोंदीनं करायची, कारण सभासदाच्या हातातलं छापील बिल आणि संगणकातली नोंद लेखापरीक्षणात जुळली पाहिजे.

त्या ‘कारण’पुढच्या शब्दांना मी फार जपते. नुसता नियम दिला तर सहायक तो जिथे सांगितला तिथे पाळतो. कारण दिलं, तर मला न सुचलेल्या ठिकाणीही लावतो. जुनं बिल पुन्हा छापायची सोय करायला सांगितली तेव्हा त्यानं रक्कम आजच्या दरपत्रकावरून नव्यानं काढली नाही, साठवलेलीच घेतली, आणि तसं का केलं तेही एका ओळीत लिहिलं. बिल पुन्हा छापण्याबद्दल फाइलमध्ये अवाक्षर नव्हतं.

फाइल आखूडच बरी. सहायकाच्या नजरेत एका वेळी मावणाऱ्या मजकुराला, म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडोला, मर्यादा असते. शिवाय नजरेत मावलेलं सगळं सारखंच लक्षात राहतं असंही नाही. लांबलचक मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटी असलेल्या माहितीचा मॉडेल चांगला उपयोग करतात आणि मधली विसरतात, असं २०२३च्या एका संशोधनात दिसून आलं होतं. नवी मॉडेलं त्यात सुधारली आहेत, तरी पसाऱ्यात नेमकी गोष्ट हरवते हे खरंच. त्यामुळे एक काम संपलं की मी संवादही संपवते आणि पुढच्या कामाला कोरा संवाद उघडते. मागच्या फसलेल्या प्रयत्नांचा राडारोडा समोर पडून राहिला, तर नवं उत्तरही त्याच वळणानं जातं.

गंमत अशी की ही फाइल लिहिली यंत्रासाठी आणि ती कामी आली माणसाच्या. कार्यालयात नुकतीच आलेली एक मुलगी ती वाचून माझ्याकडे आली आणि थेट विचारलं, ‘एखाद्या सभासदाची उचल बिलापेक्षा जास्त असेल तर बाकी पुढच्या हप्त्यात ओढायची का?’ हा प्रश्न पडायला पूर्वी नव्या माणसाला काही महिने जावे लागत. दस्तऐवज लिहा, कारणं नोंदवा, टेस्ट लिहा, बदल छोटे ठेवा, हे आमच्या धंद्यातले जुनेच सुविचार. माणसांसाठी हे करायचा आम्ही कायम आळस केला, कारण समोरचं माणूस समजून घ्यायचं. समजून न घेणारा सहकारी आला आणि आम्ही शिस्तीत आलो.

फाइल कितीही चांगली झाली, तरी तिच्यात मला आठवलेल्याच गोष्टी येतात. न आठवलेल्यांचं काय? त्यासाठी मोठ्या कामाच्या आधी मी त्याला सांगते: ‘अजून कोड लिहू नकोस. संबंधित फायली वाच, काय करणार ते सांग, आणि मी न सांगितलेल्या कोणत्या गोष्टी तू धरून चालणार आहेस त्यांची यादी दे.’ शेवटच्या मागणीत सगळं येतं. त्याची यादी पूर्ण असेलच असं नाही, तीही अंदाजातूनच आलेली असते. निम्मे मुद्दे किरकोळ निघतात. पण एखादा असा येतो की हातातलं काम बाजूला ठेवून अण्णांना फोन लावावा लागतो.

एवढं विचारलं नाही तर तो लग्नघरातल्या उत्साही पाहुण्यासारखा वागतो. कुणी न सांगता भांडी घासून, पुसून, कपाटात रचून ठेवतो, आणि ऐन पंगतीच्या वेळी वाढपी डाव शोधत घरभर फिरतात. हेतूबद्दल तक्रार करायला जागा नाही आणि डाव सापडत नाही. छोटा दोष काढायला सांगावं, तर तो शेजारची दोन फंक्शनं ‘सुधारून’ देतो. म्हणून काय करायचं याच्या जोडीला कशाला हात लावायचा नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं.

दुसरा त्याचा गुण म्हणजे होयबापणा. ‘हे बरोबर आहे ना?’ विचारलं की त्याचा कल ‘हो’कडे. जुना सहकारी ‘हे कशाला हवंय?’ म्हणून अडवायचा आणि त्याचा राग यायचा. आता तो अडथळा मुद्दाम उभा करावा लागतो. मी त्याला विचारते, ‘यात काय मोडेल?’ किंवा नव्या संवादात तोच कोड परक्याचा म्हणून ठेवते आणि दोष काढायला लावते.

सगळ्यांत भक्कम अडथळा मात्र टेस्टचा. संस्थेच्या जुन्या बिलपुस्तकांमधून मी मुद्दाम वेडीवाकडी बिलं निवडली. एक फेब्रुवारीचं, एक उचल बिलावर चढलेलं, एक गाय आणि म्हैस दोन्ही घालणाऱ्या सभासदाचं. त्यांतले आकडे स्वतः टेस्टमध्ये उतरवले आणि सहायकाला सांगितलं, या सगळ्या पास झाल्या पाहिजेत, टेस्टला हात लावायचा नाही. दुसरं वाक्य महत्त्वाचं. नुसतं ‘पास कर’ म्हटलं तर असे सहायक कधी टेस्टच बदलून टाकतात, कधी त्या एका आकड्यापुरती अट घालून मोकळे होतात. त्यात लबाडी शोधू नये. सांगितलेलं साध्य त्यांनी अक्षरशः साधलेलं असतं. म्हणून काम लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याचा गिटमध्ये वेगळा कमिट, आणि बदल वाचताना सर्वांत आधी टेस्टची फाइल. नवं पॅकेज सुचवलं तर ते खरंच आहे का, तेही तपासायचं. ऐकायला पटणारी पण अस्तित्वात नसलेली नावं मॉडेल सहज देतात, आणि अशा नावांवर नेमकी घातक पॅकेजं नोंदवून ठेवणारेही आहेत.

ब्रायन कर्निगन यांनी पी. जे. प्लॉगर यांच्यासोबत सत्तरच्या दशकात लिहिलेल्या एका पुस्तकात एक टोला आहे. कोडमधला दोष शोधणं हे कोड लिहिण्याच्या दुप्पट अवघड. तेव्हा सगळी हुशारी पणाला लावून कोड लिहिलात, तर त्यातला दोष शोधायला हुशारी आणणार कुठून? आता कोड लिहिणारी हुशारीच उसनी आहे. जी ओळ मला अण्णांच्या भाषेत समजावून सांगता येत नाही, ती मी घेत नाही.

एवढं करून वेळ वाचतो का? यावर दोन अभ्यास हमखास समोर ठेवले जातात आणि ते एकमेकांविरुद्ध आहेत असं सांगितलं जातं. गिटहबनं २०२२मध्ये ९५ प्रोग्रॅमरांना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, न वापरणाऱ्यांना २ तास ४१ मिनिटं. पुढे २०२५मध्ये एमईटीआर या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या मुक्तस्रोत प्रकल्पांतली २४६ कामं दिली, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्याहून चमत्कारिक म्हणजे काम संपल्यावरही त्या मंडळींची समजूत होती की आपण २० टक्क्यांनी वेगानं काम केलं.

मला या दोन आकड्यांत भांडण दिसत नाही. एचटीटीपी सर्व्हर जगानं असंख्य वेळा लिहिलेला आहे. तिथे सरासरी उत्तर हेच बरोबर उत्तर. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या प्रकल्पात मात्र निम्मे नियम सांभाळणाऱ्याच्या डोक्यात असतात, आणि नेमकं लागणारं मजकुरात नसतं. एमईटीआरच्या अहवालातही या अलिखित संदर्भाचा संभाव्य कारणांमध्ये उल्लेख आहे. ती साधनं २०२५च्या सुरुवातीची होती आणि आता पुढे गेली आहेत, पुढेही जातील. पण न लिहिलेलं वाचायची सोय कुठल्या नव्या आवृत्तीत येणार?

माझी कामाची वाटणी त्यावरूनच ठरली. एक्सेलमध्ये माहिती काढून देणं, पावतीची छपाई, शोधाची चौकट, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह रक्कम दाखवणं, एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात नोंदी हलवणं, ही जगाची कामं मी त्याच्यावर सोपवते आणि निकाल तपासून पुढे जाते. दरपत्रकाचा आणि बिलाचा गाभा पहिल्यांदा स्वतः लिहिते, भले चार दिवस जास्त जावोत. स्वतः लिहिताना मी अडते, आणि अडते तिथेच कळतं की हे ठरलेलं नाही. ते अडणं दुसऱ्यावर सोपवलं तर माझ्या डोक्यात ती नाऊरची समज तयार व्हायची कशी? नव्यानं धंद्यात येणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते ती एवढ्याच कारणानं. आम्ही कंटाळवाण्या कामांतून शिकलो, आणि तीच कामं आता सर्वांत आधी सहायकाकडे जातात. त्यांना मी सांगते, लिहून घ्या, पण त्यानं काय गृहीत धरलं ते तुम्ही स्वतः शोधून आणा.

गेल्या दिवाळीच्या आधी अण्णांनी फरकाची सोय मागितली. वर्षभर घातलेल्या दुधावर संस्था दिवाळीला सभासदांना जास्तीची रक्कम देते, तो फरक. मी सहायकाला नेहमीचं वाक्य टाकलं, कोड लिहू नकोस, काय गृहीत धरणार ते सांग. यादी आली. वर्ष एप्रिल ते मार्च, की दिवाळी ते दिवाळी? फरक लिटरवर की रकमेवर? गाय आणि म्हैस यांना दर एकच? उचल बाकी असेल तर फरकातून वळती करायची? मध्येच दूध घालणं थांबवलेल्या सभासदाला द्यायचा? वर्षात मयत झालेल्या सभासदाचा फरक कुणाच्या नावावर?

मी ती यादी छापून अण्णांपुढे ठेवली. पहिल्या पाचांची उत्तरं त्यांनी उभ्या-उभ्या दिली. सहाव्याला चष्मा काढला.

“मयताचा फरक… आजवर जो मागायला आला, त्याला दिला.”

“आणि जो आला नाही?”

“त्येचा ऱ्हायला असंल संस्थेकडंच.” मग कागदाची घडी करून खिशात घालत म्हणाले, “ह्ये मिटिंगीत घ्याय पायजे.”

संचालक मंडळात त्यावर बरीच वादावादी झाली म्हणे. शेवटी ठराव झाला: नोंदवलेल्या वारसाच्या खात्यावर फरक मागणीची वाट न बघता जमा करायचा, आणि मागच्या वर्षांचे राहिलेलेही शोधून काढायचे. तो कागद हातात आल्यावर कोड एका दुपारीत झाला. बराचसा सहायकानंच लिहिला आणि चांगला लिहिला. त्याच्याकडून जास्त काम कसं काढून घ्यायचं असं आता कुणी विचारलं, तर मी त्या ठरावाकडे बोट दाखवते. त्यातलं एक अक्षरही त्यानं लिहिलेलं नाही.